लोखंडाची नाजूक नक्षी

भिवापूर म्हटले की लोकांना मिरची आठवते. भौगोलिक मानांकन मिळालेली आमची ही मिरची दूरदूरच्या स्वयंपाकघरांत पोहोचली आहे. पण या वेळी आम्हाला मिरचीबद्दल नाही, तर ती ज्यावर भाजली जाते त्या तव्याबद्दल बोलायचे आहे. जाड, काळा, वजनदार, एकदा तापला की बराच वेळ गरम राहणारा बिडाचा तवा. लोखंडाचा असूनही तो फरशीवर पडला तर मडक्यासारखा तडकतो. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणूनच तो दोन्ही हातांनी उचलतात.

आता घरातली दुसरी वस्तू पाहा. कोपऱ्यात उभे असलेले पायाचे शिलाई मशीन. मशीनचा वरचा भाग कदाचित कधीच बिघडला असेल, पण खालचे स्टँड तसेच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना वेलबुट्टी आहे, गोल वळणे आहेत, मधोमध कंपनीचे नाव जाळीत गुंफलेले आहे. पाय ठेवायच्या पायडललाही जाळी आहे. हे सारे त्याच तव्याच्या धातूचे, म्हणजे बिडाचे. कोणी ते हातोडीने ठोकलेले नाही की छिन्नीने कोरलेले नाही. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून ही नक्षी निघालेली आहे.

तव्याचे लोखंड आणि जाळीचे लोखंड एकच असेल, तर ही नजाकत त्यात कुठून आली? आणि याच लोखंडाचे कानातले व गळ्यातले हार कोणी केले असतील का? केले होते. एवढेच नाही, तर एका काळी बायकांनी सोने देऊन ते घेतले होते. त्या हुनराची ही हकीकत.

ठोकलेले लोखंड आणि ओतलेले लोखंड

लोखंडाशी आपल्या नागपूर जिल्ह्याचे नाते फार जुने आहे. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नैकुंड नावाचे गाव आहे. तिथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. मातीच्या विटा, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि धातूची मळी असे सारे तिथे होते. ही भट्टी सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची मानली जाते. नागपूरजवळ माहुरझरी, जुनापाणी या ठिकाणी दगडांच्या वर्तुळांखाली त्या काळच्या माणसांच्या कबरी आहेत. विदर्भातल्या अशा कबरींत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर आणि घोड्यांचे लगाम मिळाले आहेत.

पण ते लोखंड ओतलेले नव्हते, ठोकलेले होते. शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. मातीच्या त्या छोट्या भट्टीत तेवढी आच होत नसे. धातुपाषाणातून लोखंड सुटे, पण पाण्यासारखे वाहत नसे. स्पंजासारखा भोकाभोकांचा गोळा तयार होई. लोहार तो लालबुंद गोळा पुन्हा पुन्हा ठोकून त्यातली मळी काढत आणि मग त्याला आकार देत. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांसाठी हे लोखंड उत्तम. ते वाकते, पण सहज तुटत नाही.

बीड निराळे आहे. लोखंडात कोळशातला कार्बन तीन-चार टक्के मिसळला की त्याचा वितळणबिंदू खाली येतो आणि सुमारे १,१५० अंशांनाच ते पातळ होते. मग ते दुधासारखे ओतता येते. चीनमधल्या कारागिरांना ही विद्या अडीच हजार वर्षांपूर्वीच साधली होती. तिथल्या छांगचौ शहराजवळ इसवी सन ९५३ मध्ये ओतलेला लोखंडी सिंह आजही उभा आहे. युरोपात हे तंत्र कित्येक शतकांनी रुजले. तिथेही सुरुवातीला तोफा, तोफगोळे, शेगडीमागच्या जाड फळ्या अशा दणकट वस्तूच ओतल्या गेल्या.

कार्बनमुळे बीड पातळ होते, पण त्याच कार्बनमुळे ते ठिसूळही होते. म्हणून तवा फुटतो. अशा ठिसूळ धातूची सुतासारखी बारीक नक्षी काढायची म्हणजे कारागिराची कसोटीच.

वाळू, मेण आणि सबुरी

बारीक ओतकामाची रीत ऐकायला सोपी आहे. आधी नमुना करायचा. दागिना असेल तर कलाकार तो मेणात कोरतो आणि त्यावरून पितळेसारख्या टिकाऊ धातूत पक्का नमुना तयार होतो. हा नमुना हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो, कारण निवताना बीड साधारण एक टक्का आकसते. १०० मिलिमीटरची वस्तू हवी असेल, तर नमुना सुमारे १०१ मिलिमीटरचा करायचा.

मग वाळू. नदीतली भरड वाळू चालत नाही. पिठासारखी बारीक, थोडी चिकणमाती असलेली आणि जेमतेम ओलसर वाळू लागते. जुने कारागीर ती मुठीत दाबून बघतात. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत आणि गोळा मोडला तर कडा ढासळता कामा नये. पाणी कमी पडले तर नक्षी गळते. जास्त झाले तर धगधगते लोखंड आत जाताच वाफ उसळते, वस्तू भोकाभोकांची होते आणि कधी लोखंड उडून माणूस भाजतो.

लोखंडी चौकटीच्या दोन पेट्या असतात, एक खालची आणि एक वरची. त्यांत वाळू ठासून मधोमध नमुना दाबायचा, पेट्या अलग करायच्या आणि नमुना अलगद उचलायचा. पानाचे टोक किंवा फुलाची पाकळी जरा जरी हलली तरी साचा वाया जातो. आत कोळशाची किंवा ग्रॅफाइटची बारीक पूड फिरवायची, म्हणजे धातू वाळूला चिकटत नाही. लोखंड आत जायला वाट ठेवायची आणि हवा बाहेर पडायलाही. पेट्या पुन्हा जुळवायच्या आणि एका दमात ओतायचे. हात थांबला तर लोखंड अर्ध्या वाटेत गोठते.

बारीक कामात धोका याच गोठण्याचा असतो. जाड वस्तू सावकाश निवते. काडीसारखी नक्षी क्षणात निवते आणि अशा वेळी बीड पांढरे, काचेसारखे कडक होऊन बसते. मग त्यावर कानसही चालत नाही. म्हणून लोखंडात सिलिकॉनचे प्रमाण सांभाळावे लागते. नाजूक कामासाठी फॉस्फरस जास्त असलेले लोखंड निवडत, कारण ते अधिक पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचते. मात्र त्याने वस्तू आणखी ठिसूळ होते. सगळेच गुण एका धातूत मिळत नाहीत. काय मिळवायचे आणि त्यासाठी काय सोडायचे, हे कारागिराला ठरवावे लागते.

वस्तू निवली की साचा फोडतात. वाळूचा साचा एकदाच वापरता येतो, पुढच्या नगासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हार तर एका ओतीत होतच नाही. त्याचे एकेक फूल, एकेक पदक वेगळे ओतायचे, कानशीने साफ करायचे आणि कड्यांनी जोडायचे.

इथे हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांची आठवण होते. सूरह सबामध्ये उल्लेख आहे की, अल्लाहतआलाने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखत करताना कड्यांचे माप नीट राखण्याचा हुकूम दिला. एका पैगंबराच्या हातात कारागिरी आहे आणि त्या कारागिरीत मापाचा हुकूम आहे, ही गोष्ट प्रत्येक कष्टकऱ्याने मनात ठेवावी अशी आहे.

सोने देऊन घेतलेले लोखंड

या कलेचा सर्वांत मोठा बहर जर्मनीतल्या प्रशिया राज्यात आला. १७९६ मध्ये ग्लायवित्स इथे सरकारी ओतशाळा सुरू झाली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. १८०४ मध्ये राजधानी बर्लिनमध्ये दुसरी ओतशाळा निघाली. यंत्रांचे भाग आणि पुलांच्या कमानी ओतता ओतता तिथल्या कारागिरांचा हात बारीक कामावर बसत गेला. नव्या वर्षाच्या मुबारकबादीसाठी ही ओतशाळा पत्राऐवजी लोखंडाचे छोटे, नक्षीदार फलक ओतून पाठवू लागली. पाठोपाठ पदके, मेणबत्तीचे स्टँड, दौती, कंगवे, कानातले, बांगड्या आणि हार आले. १८१० मध्ये तिथली लोकप्रिय राणी लुईझ वारली. सुतकात काळे दागिने घालण्याची तिकडे रीत होती आणि काळे लोखंड त्या रीतीला जुळले.

मग १८१३ साल आले. नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी खजिन्यात पैसा नव्हता. राजघराण्यातल्या मारियान या राजकन्येने स्त्रियांना आवाहन केले की, सोन्याचे दागिने द्या. बायकांनी दिले. लग्नातल्या अंगठ्याही दिल्या. बदल्यात त्यांना लोखंडाची अंगठी किंवा दागिना मिळे. सोने देऊन लोखंड घेतले, अशा अर्थाचे शब्द त्यांवर असत. त्याच वर्षी राजाने शौर्यासाठी जे पदक काढले तेही लोखंडाचे होते. ओतीव लोखंडाचा क्रॉस, भोवती चांदीची कड. त्याचा आराखडा कार्ल फ्रिडरिख शिंकेल या नामांकित वास्तुकाराचा होता.

युद्धाचे कौतुक करावे म्हणून आम्ही हे सांगत नाही. पुढे पहिल्या महायुद्धात पुन्हा अशीच सोन्याची हाक दिली गेली, पुन्हा बायकांनी सोने दिले आणि त्या वेळी हाती पराभव आला. आमचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. १८१३ नंतर त्या समाजात सोने मिरवणे लाजिरवाणे आणि लोखंड घालणे इज्जतीचे ठरले. लढाई संपल्यावरही हे दागिने मागे पडले नाहीत. योहान कोनराड गाइस, देव्हारान यांच्यासारख्या कारागिरांनी ते इतके बारीक केले की दुरून पाहणाऱ्याला काळी लेसच वाटावी. ज्या फ्रान्सविरुद्ध लढाई झाली तिथल्या बायकाही ते हौसेने घालू लागल्या. या दागिन्यांत धातूची किंमत जवळजवळ शून्य होती. जे मोल होते ते सगळे हाताचे होते.

बर्लिनची सरकारी ओतशाळा १८७४ मध्ये बंद झाली. तिथले दागिने आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसारख्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. रशियात उरल पर्वताजवळच्या कासली गावात मात्र ही परंपरा पुढे चालली. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात कासलीच्या कारागिरांनी ओतीव लोखंडाच्या जाळीचा अख्खा मंडप उभा केला आणि सर्वोच्च पारितोषिक मिळवले. तो मंडप आज येकातेरिनबुर्गच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडे काय आहे?

आपल्या भागातली काळी, नाजूक, ओतीव वस्तू म्हटली की बिदरी काम डोळ्यांसमोर येते. मराठवाड्याला लागून असलेल्या बिदरमध्ये बहामनी काळापासून ही कला नांदते आहे आणि तिचे पुष्कळ कारागीर मुस्लिम आहेत. अनेकांना ते लोखंड वाटते, पण ते लोखंड नाही. जस्तात थोडे तांबे मिसळून ते वाळूच्या साच्यात ओततात, त्यावर चांदीची तार बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून ते काळे करतात. मातीने धातू काळा होतो, चांदी तशीच चमकत राहते. या कामासाठी शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. साचा, वाळू आणि सबुरी यांच्या नात्याने बिदरी आणि बर्लिनचे लोखंड एकमेकांचे चुलत भाऊच म्हणायचे.

बिडाची नक्षी मोठ्या आकारात पाहायची असेल, तर मुंबईला गेल्यावर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे. १८७२ मध्ये उघडलेल्या या इमारतीतले खांब आणि कठडे पाहताना मुलांना जरूर सांगावे की हे घरच्या तव्याचेच लोखंड आहे.

महाराष्ट्रात बिडाच्या ओतकामाने संसार बदलला तो मात्र शेतीमुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि नांगरासह चरक, पंप ओतले जाऊ लागले. आज कोल्हापूर परिसर फाउंड्रीसाठी देशभर ओळखला जातो. तिथे मोटारींचे आणि पंपांचे भाग ओततात. त्यांत फुलांची नक्षी नसते, पण इंजिनाच्या पोटातल्या पाण्याच्या वाटा ओतायलाही तीच वाळू आणि तेच कसब लागते.

आणि सर्वसामान्य घरात पोहोचलेली बिडाची सर्वांत नाजूक वस्तू कोणती, तर शिलाई मशीनचे स्टँड. आधी परदेशी कंपन्यांची मशीन आली. १९३०च्या दशकात कोलकात्यात देशी मशीन तयार होऊ लागली. आपल्या कितीतरी घरांत विधवा आईने किंवा नोकरी गेलेल्या बापाने याच मशीनवर मुले शिकवली. ईदचे कपडे, शाळेचे गणवेश, शेजारणीच्या मुलीच्या निकाहचा जोडा, सारे त्या जाळीदार पायडलवर पाय चालवून शिवले गेले.

तोळ्याचा हिशेब

आता मूळ मुद्दा. घरातल्या प्रत्येक धातूला आपण एकच प्रश्न विचारतो, वजन किती? सोने तोळ्यावर आणि लोखंड किलोवर. मुलीचे नाते ठरताना हाच प्रश्न पुढे येतो. सोन्याचा भाव ऐकून बापाची झोप उडते. किती तोळे, किती ग्रॅम, यावरून जुळलेली नाती तुटतात, आणि कर्ज काढून दिलेले सोने पुढे गहाण पडते.

सहीह बुखारीत हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आपल्याला माहीत आहे. एका गरीब माणसाला निकाह करायचा होता, पण महर द्यायला जवळ काहीच नव्हते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्याला लोखंडाची अंगठी तरी शोधून आणायला सांगितले. तीही मिळाली नाही, तेव्हा त्याला पाठ असलेल्या कुरआनवर तो निकाह लावून दिला. लोखंडाची अंगठी वापरण्याबद्दल उलमांमध्ये वेगवेगळी मते आहेत आणि त्यात आम्ही पडत नाही. पण ज्या अंगठीचे सोनाराकडे काहीच मोल नाही, तिचे नाव महर म्हणून घेतले गेले, हे विसरता येत नाही.

महर हा स्त्रीचा हक्क आहे. तो कमी करा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. म्हणणे इतकेच की मुलीकडून मागितल्या जाणाऱ्या सोन्याला दीनचा आधार नाही आणि इज्जत तराजूत मोजता येत नाही. ज्या बायकांनी सोने काढून लोखंड घातले, त्यांची इज्जत त्यांच्या समाजात वाढलीच.

घरात काय करता येईल?

बर्लिनचे कारागीर दागिना गंजू नये म्हणून त्यावर जवसाच्या तेलाचा काळा लेप भाजून चढवत. जवस आपल्या विदर्भातलेच पीक आहे. बिडाचा तवा गंजला असेल तर तो घासून, धुऊन पूर्ण कोरडा करा. घाण्याचे, खाण्याचे जवसाचे तेल फडक्याने अगदी पातळ लावा आणि पुसून घ्या. मग खिडकी उघडी ठेवून धूर निघेपर्यंत तापवा आणि निवू द्या. असे चार-पाच वेळा केले की काळा, गुळगुळीत थर बसतो. रंगाच्या दुकानातले जवसाचे तेल यासाठी घेऊ नका, त्यात खाण्यास अयोग्य पदार्थ मिसळलेले असतात. गरम तव्यावर थंड पाणी ओतू नका, तडा जातो.

मशीनचे स्टँड गंजले असेल तर तारेच्या ब्रशने साफ करून तेलाचा हात फिरवा. पाय मोडला असेल तर साध्या वेल्डिंगला देऊ नका. बीड अचानक तापले की शेजारी नवी चीर पडते. पितळेच्या झाळणीने किंवा बिडासाठीच्या खास निकेल कांडीने, आधी भाग नीट तापवून जोडणारा जाणकार शोधा.

घरात दहावी झालेला मुलगा असेल आणि त्याला हातकामाची आवड असेल, तर आयटीआयमध्ये फाउंड्रीमन हा ट्रेड असतो, हेही लक्षात ठेवा. कामात धूळ, आच आणि धोका आहे. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, पायांत बूट हवेतच. पण वाळूत स्वच्छ ठसा उठवणारा हात आजही लागतो.

भंगारवाला दारात येईल तेव्हा तो स्टँड उचलून बघेल आणि किलोचा भाव सांगेल. हो म्हणण्याआधी त्यावरची धूळ पुसून जाळीतले नाव वाचा. त्यावर कोणी, कोणासाठी, किती वर्षे कपडे शिवले, ते घरातल्या मुलांना सांगा. वर लाकडी फळी बसवली की त्याचे अभ्यासाचे टेबलही होते.